वाट बांधायची की वाटाड्या जपायचा?

कळसूबाईच्या माथ्यावरून दक्षिणेला पाहिले की भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडे एक लांबलचक, आडवी रांग दिसते. तिच्या उत्तरेचे पाणी प्रवरेला जाते, दक्षिणेचे मुळेला. घनचक्कर, मुडा, गवळदेव ही तिच्यावरची नावे अकोले तालुक्याबाहेर फारशी कुणी ऐकलेली नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, हे शाळकरी मुलेही सांगतात. त्यांच्याखालोखाल महाराष्ट्रात तिसरे कोण, यावर ट्रेकर मंडळी अजून हुज्जत घालतात, आणि ती बहुतेक वेळा याच रांगेतल्या दीड हजार मीटरच्या वरच्या टोकांवर येऊन थांबते. कळसूबाईशी उंचीत फरक शे-सव्वाशे मीटरचा. वाटेत मात्र जमीन-अस्मानाचा. तिकडे लोखंडी शिड्या, कठडे, जागोजागी लिंबूपाणी. इकडे ढोरवाटा, घसारा, कारवीचे रान आणि कातळाचे दोन-चार टप्पे. ही रांगही कळसूबाईसारखी ‘करावी’ का? दोन्ही बाजूंना मोकळेपणी बोलता यावे म्हणून पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी रीत घेतली आहे. उत्तरपक्ष माझा आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पूर्वपक्ष: अहो, डोंगर काय चांगल्या गुडघ्यांच्या लोकांच्या मालकीचे आहेत? कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात शनिवार-रविवारी पिठलं-भाकरीवर जे चार पैसे मिळतात, ते या रांगेखालच्या कुमशेतला, आंबितला, शिरपुंज्याला का मिळू नयेत? घसाऱ्याच्या जागी चार पायऱ्या करा, कातळाला शिडी लावा, दगडांवर बाण रंगवा. खर्च फार नाही. पन्नाशीची बाई, नवखा कॉलेजचा मुलगा, कुणीही वर जाईल. तुम्हा जुन्या ट्रेकरांना वाट अवघड ठेवायची असते, कारण मग ‘आम्ही जाऊन आलो’ असं सांगण्यात मजा येते. ही गंमत तुमची, आणि तिची किंमत गावानं का मोजायची?

उत्तरपक्ष: शेवटचा टोमणा मान्य आहे. असा अहंकार ट्रेकरांत असतो, आणि त्याला वाट अवघड ठेवण्याचे कारण म्हणून कुणी पुढे केले तर ते फेटाळायलाच हवे. पण कळसूबाईचे उदाहरण जरा नीट पाहू. तिच्या माथ्यावर देवीचे ठाणे आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतले म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या बाया दर्शनाला चढतात. शहरातला ट्रेकर तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून ती यात्रेची वाट आहे. जी माणसे जाणारच आहेत त्यांच्यासाठी शिड्या लावणे रास्तच होते. मी त्या काढा म्हणणार नाही. गवळदेव-घनचक्करचे गणित उलटे आहे. तिथे माणसे यावीत म्हणून वाट बांधायची. हे दोन हेतू एकाच अंदाजपत्रकात बसतात म्हणून एक होत नाहीत. पहिल्यात असलेला धोका कमी होतो. दुसऱ्यात, ज्या धोक्याजवळ कुणी फिरकत नव्हते त्याच्या तोंडाशी आपण माणसे नेऊन सोडतो.

धोका नेमका कुठे असतो तेही पाहायला हवे. या रांगेचा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर साचले. टणक थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उताराचे पदर झाले. म्हणून इथली चढण म्हणजे कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. कड्यातून वर सरकायला एखादी नाळ किंवा सोंड सापडली तरच वाट पुढे जाते. पदरावर बारीक मुरूम असतो, त्याच्यावर भाद्रपदात कमरेएवढे गवत आणि दिवाळीनंतर तेच गवत वाळून आडवे पडलेले. बुटाखाली ते तेल लावल्यासारखे सरकते. वर चढताना हे पायाला थोडे कळते, उतरताना पुरते कळते. माणूस आधारासाठी कारवीचा दांडा धरतो. ओला दांडा वाकतो पण धरून ठेवतो, वाळलेला कडकन मोडतो आणि हातात राहतो. हे सगळे पहिल्या अर्ध्या तासात अंगावर येते, आणि म्हणूनच पुष्कळ जण पहिल्या पदरावरून मागे फिरतात. कच्ची वाट ही सूचना पायथ्याजवळच देते. खालच्या घसाऱ्यावर पायऱ्या घातल्या की ती सूचना पुसली जाते, वरचे धुके, पाण्याची टंचाई, कड्याला लागलेली आग्या मोहोळे आणि दुपारी तीनला कळणारे ‘आता अंधाराआधी उतरत नाही’ हे सारे मात्र जागच्या जागी राहते. ज्याला मागे फिरायला हवे होते तो माणूस आता थेट तिथे पोचलेला असतो.

पूर्वपक्ष: असं म्हटलं तर आपल्या पूर्वजांनीही चूकच केली म्हणायची. हरिहरच्या कातळात पायऱ्या कुणी खोदल्या? या तालुक्यातल्या किल्ल्यांवरही कातळकोरीव पायऱ्या आहेतच की. तेव्हा कुणी म्हटलं नाही, सह्याद्री कच्चा राहू द्या म्हणून.

उत्तरपक्ष: आक्षेप चांगला आहे. पण त्या पायऱ्या किती जागी आहेत आणि कशासाठी आहेत, हे पाहा. जिथे शिबंदी ठेवायची होती, धान्य-दारूगोळा चढवायचा होता, तिथेच त्या खोदल्या गेल्या. आणि खोदतानाही एका वेळी एकच माणूस चढेल अशा बेताने. हरिहरची ती अंगावर येणारी शिडीसारखी वाट, हाताच्या खोबण्यांसह, गर्दी अडवण्यासाठीच केलेली आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तिच्यावर खाली-वर रांग लागते, तेव्हा किल्लेदाराच्या मूळ हेतूच्या बरोबर उलट वापर चाललेला असतो. गवळदेवावर असे काही खोदलेले नाही. पूर्वजांना छिन्नी येत नव्हती म्हणून नव्हे. वर राखण्यासारखे काही नव्हते म्हणून.

दुसरी गोष्ट बांधकामाची. अखंड कातळात कोरलेली पायरी शतके टिकते, कारण तिला पाया वेगळा नसतो. डोंगरच तिचा पाया. (१८१८ नंतर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या उडवल्या त्या सुरुंग लावून, पावसाला ते जमले नव्हते.) आपण ज्या पायऱ्या म्हणतो त्या मात्र कातळात नसतात. त्या मुरमाच्या उतारावर दगड-सिमेंटने रचलेल्या असतात. शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात आणि एखाद्या वर्षी तिथे पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एवढे पाणी उतारावर पसरून वाहत असते तोवर गवताची मुळे त्याला सांभाळून घेतात. वाट रुंद केली, गवत गेले, की पाण्याला पाट मिळतो. पहिल्या पावसाळ्यात वाटेची नाली होते. दुसऱ्यात पायरीखालची माती निघून जाते आणि पायरी अधांतरी राहते. लोक तिला टाळून बाजूने चालतात, मग बाजूचे गवतही जाते. लोखंडी कठड्याची गतही फार वेगळी नाही. तो बसवण्याचा कार्यक्रम होतो, फीत कापली जाते. दरवर्षी वर चढून त्याचे नट-बोल्ट पाहण्याचा कार्यक्रम कुणी ठेवत नाही. आणि गंजून खिळखिळा झालेला कठडा हा कठडा नसण्यापेक्षा वाईट. नसलेल्या कठड्यावर कुणी भार टाकत नाही.

पूर्वपक्ष: बरं, लोखंड-सिमेंट नको. पण माहिती तरी खुली करा! मोबाइलमध्ये वाटेचा जीपीएस ट्रॅक असला की माणूस चुकणार नाही. आणि यात नवीन काय आहे? आनंद पाळंद्यांनी ‘डोंगरयात्रा’ लिहिलं, यंग झिंगारोवाल्यांनी ‘सांगाती सह्याद्रीचा’ काढलं, हरीश कापडियांनी इंग्रजीत पुस्तक केलं. त्यांनी वाटा छापल्याच ना? तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

उत्तरपक्ष: वाजवल्या, आणि अजूनही वाजवीन. पण ती पुस्तके काय देतात ते उघडून पाहिले पाहिजे. पायथ्याचे गाव, तिथे कसे पोचायचे, डोंगराची रचना, वाट कुठल्या खिंडीकडे किंवा धारेकडे जाते, पाणी कुठे, लागणारा वेळ, आणि बऱ्याच ठिकाणी ‘गावातून माहितगार घ्यावा’ हे वाक्य. शिरपुंज्याचा भैरवगड आणि घनचक्कर यांच्यामध्ये खिंड आहे, हे कळल्यावर वाचणाऱ्याला डोंगराकडे मान वर करून पाहावे लागते, खिंड ओळखावी लागते, न ओळखता आली तर कुणाला तरी विचारावे लागते. पुस्तक माणसाला डोंगर वाचायला लावते. ट्रॅक फक्त एक रेघ देतो आणि मान खाली पडद्याकडे घालायला लावतो.

शिवाय या मुलुखात ती रेघ वाटते तेवढी खात्रीची नसते. मोकळ्या माळावर मोबाइल आपली जागा काही मीटरांच्या आत बरोबर दाखवतो. कड्याच्या पोटाशी मात्र अर्धे आकाश झाकलेले असते, उपग्रहाचे संदेश कातळावर आपटून फिरून येतात आणि जागा सरकते, कधी कधी दहा-वीस मीटर आणि त्याहूनही जास्त. कोकणच्या सपाटीवर वीस मीटर म्हणजे बांधाच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. कड्या-पदराच्या डोंगरात नकाशावरचे वीस मीटर म्हणजे वरचा पदर की खालचा पदर, आणि दोघांच्या मध्ये सरळसोट कातळ. पडद्यावरचा निळा ठिपका रेघेवर दिसतो, माणूस मात्र चुकीच्या मजल्यावर उभा असतो. रेघ डिसेंबरात नोंदलेली असते. ऑगस्टच्या धुक्यात तिच्यावर चालणाऱ्याला ती ऋतू सांगत नाही. नोंदणारा कुठे चुकला, कुठे माघारी आला, कुठे दोर लावून उतरला, हेही बहुधा त्याच रेघेत सपाट होऊन जाते. एकाने दगडावर चढून फोटो काढला तर पुढचे पन्नास जण ‘वाट इथूनच आहे’ म्हणून त्या दगडावर चढतात.

आणि दगडांवर रंगवलेले बाण? सह्याद्रीत त्यांनी किती जणांना घरी पोचवले आणि किती जणांना गोंधळात टाकले, हे ठरवणे कठीण आहे. एका गटाचा बाण गडाकडे, दुसऱ्याचा पाण्याकडे, तिसऱ्याचा परतीच्या वाटेचा. रंग सगळ्यांचा पांढराच. बाणांहून जबर असते ते शिखरांच्या यादीचे आकर्षण. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि ती सगळी पुरी करण्याचा छंद हजारोंना लागला आहे. ज्या टेकाडाकडे एरवी कुणी ढुंकून पाहिले नसते, तेही उंचीत बसले म्हणून तुडवले जाते. आपल्याकडच्या ‘तिसरे शिखर कोणते’ या हुज्जतीचे पुढे काय होऊ शकते, याची ही नांदी समजा.

पूर्वपक्ष: म्हणजे फिरून गाडी तिथेच. वाट बांधायची नाही, ट्रॅक द्यायचा नाही, मग उरला तो वाटाड्या. म्हणजे सक्ती. आधीच अभयारण्याची पावती, गाडीची पावती, त्यात गाइडची पावती. ज्याच्या खिशात पैसे तो जाणार. आणि गावातही ठरावीक चार घरांचीच सोय होणार. यापेक्षा शिडी बरी. ती गरीब-श्रीमंत बघत नाही.

उत्तरपक्ष: शिडी गरीब-श्रीमंत बघत नाही, पण तिच्यामुळे येणारा पैसा बघतो. याच तालुक्यात त्याचा दाखला आहे. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट सुरू होईपर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, जांभळाच्या झाडांवर काजवे लखलखतात. याची जाहिरात झाली, महोत्सव सुरू झाले आणि शनिवारच्या रात्री अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. काजवा उजेडाने जोडीदार शोधतो. हेडलाइट आणि मोबाइलच्या टॉर्चपुढे त्याचा उजेड कुणाला दिसणार? वनखात्याला वाहनांवर, वेळेवर बंधने आणावी लागली. ज्यांची राहण्याची मोठी सोय, ज्यांच्या गाड्या, ज्यांची शहरात ओळख, त्यांचा धंदा झाला. चहाची टपरीही चालली, नाही असे नाही. पण ते उत्पन्न वर्षातल्या मोजक्या शनिवार-रविवारांचे, आणि मागे राहिलेला कचरा बारमाही. त्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीने वेगळा प्रयोग केला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात, तिथेच जेवतात, गावातलाच माणूस त्यांना फिरवतो. तिथेही लोक काजवेच पाहायला येतात. फरक एवढाच, की किती माणसे यायची हे रस्त्याच्या रुंदीवर न ठरता गाव किती जणांना सांभाळू शकते यावर ठरते.

गवळदेवच्या वाटेचे ज्ञान ही त्या गावांची मिळकत आहे, अशी माझी भूमिका आहे. कुठली ढोरवाट पुढे कड्यावर जाऊन मरते, कुठल्या टाक्यात माघापर्यंत पाणी असते, कुठल्या घळीवर यंदा मोहोळ आहे, हे गुरे राखणाऱ्याला माहीत असते. महादेव कोळी आणि ठाकर घरांत ते ज्ञान हिंडता-फिरता पोरांकडे जाते. बाण रंगवला किंवा ट्रॅक टाकला की ते फुकट वाटले जाते, तेही अर्धवट: रेघ जाते, शहाणपण मागे राहते. शिडीवर काम मिळते ते एकदा, ठेकेदाराला; वाटाड्याला प्रत्येक गटामागे. चार घरांचीच सोय होईल ही भीती खरी आहे, आणि तिला उत्तर ग्रामसभेकडे आहे. हा भाग अनुसूचित क्षेत्रातला. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला नुसते सल्ला देण्यापुरते ठेवत नाहीत. पाळी कशी लावायची, दर काय, एका दिवशी किती जण, कुठल्या महिन्यात वाट बंद, हे तिने ठरवावे आणि फलकावर लिहावे. दर गटामागे असला तर दहा जणांत तो माणशी थोडासाच येतो; त्याच मंडळींनी येताना महामार्गावर नाश्त्याला त्याहून जास्त दिलेले असतात. आणि ज्या नवख्या मुलाची तुम्हाला काळजी, त्याला वर नेण्याची खरी सोय शिडी नव्हे, सोबत चालणारा माणूस आहे. ‘इथून तू परत फिर’ हे शिडी म्हणत नाही.

पूर्वपक्ष: हे सगळं छापून तुम्ही गवळदेवची जाहिरातच केलीत की.

उत्तरपक्ष: नाव छापले, वाट नाही. नावे सर्वेक्षणाच्या नकाशांत आणि ट्रेकरांच्या पुस्तकांत केव्हाची आहेत. नाव लपवून डोंगर वाचत नाही. ‘अमुक झाडापासून डावीकडे’ हे मात्र गावात येऊन विचारावे, असे मी म्हणतो.

पूर्वपक्ष: एक शेवटचं. समजा वर कुणाचा पाय मोडला. अंधार पडलाय. पायऱ्या नाहीत, कठडा नाही. जखमी माणसाला त्या घसाऱ्यावरून खाली कसं आणणार? तेव्हाही हेच तत्त्व सांगणार का?

उत्तरपक्ष: नाही. तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत जड वाटतो आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. बांधलेल्या वाटेवरून स्ट्रेचर लवकर येतो, हे खरेच आहे. पण बांधलेली वाट पाय मोडणाऱ्यांची संख्याही वाढवते, आणि गर्दीच्या दिवशी त्याच अरुंद शिडीवर वर येणारे आणि स्ट्रेचर समोरासमोर येतात, हेही खरे. सह्याद्रीत अपघात झाला की सर्वांत आधी पोचतात ती पायथ्याची माणसे. गिर्यारोहकांची बचाव पथके पुण्या-मुंबईहून, नाशिकहून येतात, जीव तोडून काम करतात, पण त्यांना पोचायला तास लागतात. म्हणून पैसा खर्च करायचाच असेल तर तो शिडीऐवजी गावात ठेवलेल्या स्ट्रेचरवर, दोरांवर आणि आठ-दहा तरुणांच्या प्रशिक्षणावर करावा. जिथे दोर लावावाच लागतो अशा एखाद-दुसऱ्या कातळटप्प्यावर जाणकारांकडून कायमचा, तपासला जाणारा बोल्ट ठोकायलाही माझी हरकत नाही. तो खालून दिसत नाही आणि कुणाला वर बोलावत नाही. आणि घसाऱ्यावर पायऱ्या घालण्याची हौस असलेल्यांनी आधी ज्या ओढ्यांवरून पाड्यातली पोरे पावसाळ्यात शाळेत जातात, त्यांच्यावर साकव घालावेत. त्या वाटा रोजच्या आहेत, आणि त्या बांधायला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

पूर्वपक्ष: साकवाला निधी मागितला की मिळत नाही हो; पर्यटनाच्या नावानं मागितला की मिळतो.

उत्तरपक्ष: मग पर्यटनाच्या नावानेच मागा. पाहुणे गावात मुक्कामाला येणार असतील तर ओढा त्यांनाही ओलांडावाच लागतो.